जवसाच्या तेलाचा दसरा

हलका धान पिवळा पडायला लागला आणि शेजारच्या बांधीतला, म्हणजे खाचरातला, उशिरा पिकणारा भारी धान अजून हिरवाच असला, की दसरा जवळ आला म्हणून समजावं. आमच्याकडे त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. गोंदियाजवळच्या कुडव्यातून स्कूटी काढून गोरेगावच्या रस्त्याला लागलं, की दोन्ही बाजूंची शेतंच सांगायला लागतात. बांध्यांमधलं पाणी आटून चिखल उरलेला असतो, धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत कमरेपर्यंत आलेलं असतं, आणि ओल आहे तोवर उभ्या धानातच लाखोळी नि जवसाचं बी फेकून घ्यायची सगळ्यांना घाई झालेली असते. या दिवसांत लोकांना झेंडूचा वास येतो. मला रॉकेलचा येतो. रॉकेल, शिळं जवसाचं तेल आणि त्यात भिजलेलं कुंकू. हा वास कुणाला आवडावा असा नाही, पण तो आठवला की मी खूश होते, आणि का होते ते आज सांगूनच टाकते.

मी शिवणवर्ग चालवते. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी कात्री देत नाही, मशीनच्या तेलाची कुपी देते. बऱ्याच जणी तक्रार घेऊनच आलेल्या असतात. "मॅडम, घरची मशीन लई जड चालते, पायात ताकदच नाही उरली." मी त्यांच्या पायांकडे बघतसुद्धा नाही. मशीनला कोणतं तेल घालता, एवढंच विचारते. उत्तर ठरलेलं असतं: खोबरेल. घरात होतं, हाताशी होतं, घातलं. डोक्याला चालतं ते लोखंडालाही चालेल, असा आपल्या लोकांचा भाबडा समज आहे. त्या तेलाचा आत डिंक होतो, चाक जड होतं, आणि बिचारी बाई आपल्या गुडघ्यांना दोष देत बसते. यंत्र अडलं की आधी यंत्र बघावं, माणूस नंतर. मी हे वर्गात इतक्या वेळा बोलते की मुली माझ्या मागे माझी नक्कल करतात. करू देत.

तर आमच्या घरी एक रिव्हॉल्व्हर आहे. असं सांगितलं की नव्या माणसाच्या भुवया वर जातात आणि तो माझ्याशी जरा अदबीनं बोलायला लागतो. अदबीचं काही कारण नाही. माझे आजोबा तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनीम होते. उन्हाळ्यात मजुरांची रक्कम पिशवीत घालून प्रतापगडाच्या बाजूच्या जंगलातून सायकलनं जायचं, म्हणून त्यांना परवाना मिळाला होता. ते त्यांनी उडवलं एकदाच. रस्त्यात फतकल मारून बसलेल्या अस्वलाला उठवायला, आणि तेही आभाळात. अस्वल उठलं नाही म्हणतात, आजोबाच सायकल फिरवून मागे आले. नंतर परवाना बाबूजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर झाला. बाबूजी हाडाचे शेतकरी. त्यांनी ते एकदाही उडवलं नाही. गोळ्या वेगळ्या डब्यात, डबा वेगळ्या कपाटात, किल्ली त्यांच्या करगोट्याला. आमच्या रिव्हॉल्व्हरनं आयुष्यात बारूद खाल्ली त्याच्या कितीतरी पट कुंकू खाल्लं.

कारण दसरा. नांगर, विळे, फावडी, माझं पहिलं शिवणयंत्र आणि त्यांच्या मधोमध पाटावर लाल कापडात रिव्हॉल्व्हर. पूजेआधी आमच्या घरात एक रीत आहे, जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. घराचा कर्ता चक्री उघडतो. रिव्हॉल्व्हरच्या पोटातलं ते गोल फिरणारं, गोळ्या भरायचं, त्याला आम्ही चक्री म्हणतो आणि तिच्या सहा भोकांना घरं. कर्ता चक्री बाजूला काढतो, अंगठ्यानं एकेक घर पुढे सरकवतो, आणि घरातली सगळ्यात मोठी बाई वाकून प्रत्येक घरात डोकावते आणि म्हणते, "रिकामं." सहा वेळा. ही रीत माझ्या आजीनं पाडली. भरल्या हत्याराला मी कुंकू लावणार नाही, असं तिनं आजोबांना ठणकावलं होतं. आजीनंतर ते काम मायकडे आलं. पण त्या रीतीचा एक अर्थ हळूहळू पक्का होत गेला, जो आजीच्या डोक्यात नव्हता: जो चक्री फिरवतो, तो या घराचा कर्ता.

ज्या वर्षाबद्दल सांगते आहे, त्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाबूजींना लकव्याचा झटका आला. तोंड वाकडं झालं ते लवकर सरळ झालं, पाय आठवड्यात मार्गी लागला, उजवा हात तेवढा मागे राहिला. गोंदियाच्या डॉक्टरनं दाबायला रबराचा चेंडू दिला. बाबूजींनी तो पहिल्याच दिवशी खाटेखाली ढकलून दिला. लहान पोराचं खेळणं मी कायले दाबू, म्हणाले. त्यांनी बांधीवर जाणं सोडलं. सदऱ्याची बटणं माय लावू लागली. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे आणि कुणी बघत असलं की धरायचेच नाहीत, थंड होऊ द्यायचे. माझ्या वडिलांसारखा माणूस चहा थंड करून पितो आहे, हे मला बघवत नव्हतं. मला त्यांची दया येत नव्हती, राग येत होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी आणि नागपूरचा माझा भाऊ नरेश, दोघंही गावी पोचलो. दुपारी बाबूजींनी पेटीतून लाल कापडाची गुंडाळी काढली. उद्या सगळ्यांसमोर फजिती नको, म्हणून आज बघून घ्यायचं असावं. खटका दाबून त्यांनी हिसक्यानं चक्री बाजूला काढली. अंगठा ठेवला. जोर लावला. चक्री हलली नाही. पुन्हा लावला. कपाळावरची शीर फुगली. मग त्यांनी ते हळूच कापडावर ठेवलं आणि भिंतीकडे बघत बोलले.

"नरेश, दसरा झाला का हे थान्यात जमा करून टाक. आन् बांध्या ठेक्यानं देऊन टाकू कोनाले. मी आन् तुयी माय येतो तुया संगं नागपूरले."

"बाबूजी, इतली कायची घाई?" नरेश म्हणाला. पण त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. झटका आल्यापासून तो हेच म्हणत होता.

"ज्याच्या हातानं चक्री फिरत नाही, त्यानं घर का चालवावं?"

माय चुलीकडे निघून गेली. नागपूरच्या घरी ती एकदा राहून आली होती. तिथं खिडकी उघडली तं दुसऱ्याची खिडकी दिसते, एवढंच ती त्याबद्दल बोलली होती. घर, शेत, बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, काठचं आंब्याचं झाड, सगळं त्या एका न हललेल्या चक्रीवर जाऊन ठेपलं होतं, आणि दोघे बापलेक ते इतक्या शांतपणे मान्य करत होते की माझं डोकं फिरलं.

मी रिव्हॉल्व्हर उचललं. सहाही घरं आरपार दिसत होती, तरी मायला हाक मारून दाखवली. मग अंगठा लावला. दिवसभर कात्री चालवणारा माझा हात आहे, जाड कापडाच्या चार घड्या एका दमात कापतो. चक्री तसूभरही सरकली नाही.

"बाबूजी, हे मलेबी फिरत नाही."

"मले बरं वाटावं म्हनून बोलून राहिली तू."

"तुमाले बरं वाटावं म्हनून मी आजवर कधी बोलली का?"

नरेश म्हणाला, नागपूरला बंदूकवाल्याकडे दाखवू. मी म्हटलं, दाखवू, पण आधी मी बघते. एक जादा खाट अंगणात ओढली, बाबूजींना तिच्यावर बसवलं. परवाना त्यांचा, नजर त्यांची, हात माझा, अशी मी वाटणी करून टाकली. मायकडून वाटीत रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश आणि कडुलिंबाची एक काडी घेतली. मलमलीच्या चिंध्या आणि मशीनच्या तेलाची कुपी माझ्या पर्समध्ये बारा महिने असते. इतर बायका लिपस्टिक ठेवतात.

चक्री ज्या दांडीवर फिरते तिथं ब्रशनं रॉकेल सोडलं आणि थांबले. थांबणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. अडलेल्या वस्तूशी झोंबाझोंबी करणारा माणूस ती वस्तू तरी मोडतो, नाहीतर आपलं बोट. उन्हात रॉकेल आत झिरपत गेलं आणि थोड्या वेळानं दांडीच्या बुडाशी एक लालसर पिवळा ओघळ दिसायला लागला. मी तो चिंधीवर टिपला आणि नाकाशी नेला. तो वास मी ओळखला नसता, तर माझा वर्ग बंद केला असता.

"माय, याले तेल कोनतं लावता तुमी?"

"जवसाचं. विळ्याच्या मुठीले लावतो, नांगराले लावतो, मंग याले काऊन नाही?"

जवसाचं तेल आमच्या घरचं सगळ्यात लाडकं तेल. स्वतःच्या शेतातल्या जवसाचं, घाण्यावर काढून आणलेलं. ते लाकडाला लावतात कारण ते लाकडावर वाळून घट्ट बसतं, भांड्याला कल्हई बसावी तसं. फिरणाऱ्या लोखंडात नेमकं हेच नको असतं. दरवर्षी दसऱ्याला उघड्या चक्रीवर एक पळी जवसाचं तेल, त्याच्यावर हळद, त्याच्यावर कुंकू. आणि आमच्या घरी पूजेचं कुंकू पुसत नाहीत. ते आपोआप झडेल तेव्हा झडेल. म्हणजे पूजा झाली की तेलाकुंकवासकट लाल कापडात गुंडाळायचं आणि वर्षभर पेटीत. इतक्या भक्तीनं एखादं यंत्र अडकवायला आमच्याच घरची माणसं लागतात.

चक्री सैल होऊ लागली, तरी एका जागी अडून राहायची. मागच्या बाजूला चांदणीच्या आकाराची एक चकती असते. पुढची दांडी दाबली की ती वर उचलली जाते आणि रिकामी काडतुसं बाहेर ढकलते. मी दांडी दाबली. चांदणी अर्धीच उचलली गेली. थोडं रॉकेल, थोडा धीर, पुन्हा दाबली. वर आली. तिच्या खाली कुंकवाचा लगदा होता, आणि त्या लगद्यात बसलेला, हळदीनं पिवळा झालेला, तांदळाचा एक अखंड दाणा. मी तो कडुलिंबाच्या काडीनं अलगद उकरला आणि तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला.

माय खाली वाकली. "माय माय! ह्या तं माया अक्षता!"

नरेश हसला. माय हसली नाही, तिचा चेहरा पडला. "मी तं देवाच्या नावानं टाकत होती वो."

"देवाले पोचल्या न त्या," मी म्हटलं. "हा एक रस्त्यात उतरला."

बाबूजी माझ्या तळहाताकडे बघत होते. मी सरळ विचारलं, "मागच्या दसऱ्याले कशी फिरली होती?"

"फिरली तं होती," माय म्हणाली. "मीच पाह्यलं न."

बाबूजींनी अंगठा चोळला. मग म्हणाले, "सहज नाही फिरली. लई जोर लावा लागला. दोन दिवस अंगठा सुजून होता. कोनाले सांगतलं नाही मी."

मागचा दसरा म्हणजे झटक्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हा त्यांचा हात बैलाचं शिंग धरून त्याला जागेवर उभा करत होता. बाबूजींनी उजवा हात मांडीवर उलटा केला आणि पहिल्यांदाच बघावा तसा बघत राहिले.

बाकीचं काम सोपं होतं. प्रत्येक घर मलमलीनं पुसलं, नळीतून पितळी सळईला चिंधी बांधून ती स्वच्छ निघेपर्यंत फिरवली, चांदणीखालची जागा कोरडी केली. मग दांडीवर मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच, आणि तोही वरून पुसून घेतलेला. तेल दिसलं तर ते जास्त झालं, असं मी मुलींना सांगते. बोटानं टिचकी मारली तशी चक्री गरगर फिरली. नरेशनं ती हातात घेतली, फिरवली, आणि सिनेमातल्या हिरोसारखा मनगटाला झटका देऊन एका हातानं बंद करायला गेला. मी त्याच्या मनगटावर चापट मारली. त्या झटक्यानं चक्रीचा कणा वाकतो. सिनेमातल्या माणसाला नवीन मिळतं, आम्हाला एवढंच आहे.

मी ते बाबूजींपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतला. "उद्या," ते म्हणाले. "पूजेतच पाहू."

ती संध्याकाळ मला जड गेली. तोवर मी फुशारकीत होते, मग उगाच नरेशशी भांडत राहिले, आणि कारण मला ठाऊक होतं. चक्री अडलेली होती तोवर बाबूजींना आडोसा होता. तो मी रॉकेलनं धुऊन काढला होता. उद्या अंगठा चालला नाही, तर दोष द्यायला ना तेल उरलं होतं ना तांदूळ. तेव्हा नागपूरला जाणं पक्कं, आणि ते मी पक्कं केलेलं. मी घाबरले होते. यंत्राच्या बाबतीत मी सहसा घाबरत नाही.

दसऱ्याला सकाळी पाट मांडला. विळ्यांची पाती घासून चकचकीत केलेली, नांगराला झेंडूची माळ, आपट्याच्या पानांचा ढीग. बाबूजींनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. बटणं त्यांनी स्वतः लावली होती, एक चुकीच्या काजात. त्यांनी खटका दाबला, चक्री बाजूला काढली. अंगठा ठेवला. अंगठा नुसताच घसरला. नरेशनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बाबूजींनी अंगठा सदऱ्याला पुसला, पुन्हा ठेवला, आणि चक्री सरकली. थोडीशी. पहिलं घर समोर आलं.

"रिकामं," माय म्हणाली.

दुसरं घर आलं. तिसरं. चौथं. पाचव्याला मायनं पदरानं डोळे पुसले आणि न बघताच रिकामं म्हणाली. बाबूजी थांबले.

"पाहून सांग."

तिनं वाकून बघितलं. "रिकामं."

सहावं घर झाल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी चक्री हळूच बंद केली आणि पाटावर ठेवली. मायनं हळद-कुंकू उचललं, आणि ती अडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं मला विचारलं, "कुठीसा लावू?" मी लाकडी मुठीवर बोट ठेवलं. अक्षता तिनं पाटावर टाकल्या, लांबून. आरती झाली, सोनं लुटून झालं, आणि माणसं पांगल्यावर बाबूजी खाटेवर बसून पायानं खाली काहीतरी चाचपायला लागले.

"का शोधून राहिले?" मी विचारलं.

"तो चेंडू कुठीसा आहे वो डॉक्टरचा?"

मी खाटेखाली शिरले. चेंडू पार भिंतीला जाऊन लागला होता. त्याच्यावरची धूळ मी पदरानं पुसली, आणि तिथंच, खाटेखाली, पोटभर रडून घेतलं. बाहेर आले तेव्हा म्हटलं, धुळीनं डोळे चुरचुरतात.

बांध्या ठेक्यानं गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाबूजी धुऱ्यावर उभे राहून जवस फेकत होते, डाव्या हातानं जास्त, उजव्या हातानं थोडं. त्या वर्षी आमच्या बांधीत जवस एका बाजूला दाट आणि एका बाजूला विरळ उगवला. येणारा-जाणारा विचारायचा. सगळं उगवायलाच पाहिजे असं कुठं लिहिलं आहे, असं ते त्यांना सांगायचे. निळी फुलं आली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते.

त्यानंतर दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंगणात खाट येते, ब्रश येतो, कुपी येते. काढायला फारसं काही नसतं. तरी मी उघडते, पुसते, एक थेंब टाकते. माझ्या वर्गातल्या मुलींना वाटतं मॅडम सणाला माहेरी पुरणपोळी खायला जातात. जवसाचं तेल आता फक्त विळ्यांच्या मुठीला लागतं, आणि मायला अजूनही मनातून वाटतं की रिव्हॉल्व्हरवर अन्याय झाला.

यंदा परवाना माझ्या नावावर झाला. बाबूजींनीच मनावर घेतलं. पोलीस ठाण्यातल्या साहेबानं मला विचारलं, बाईमाणसाला हे कशाला हवं? मी म्हटलं, पूजेला. तो हसला, पण मी खरं तेच सांगितलं होतं.

काल दसरा झाला. पाट मांडला, सवयीनं सगळे बाबूजींकडे बघू लागलो. त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, चक्री बाजूला काढली, अंगठा ठेवला. जोर लावून बघितला. मग अंगठा काढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी भिंतीकडे नाही.

"चक्री चांगली आहे," ते म्हणाले. "आता हातच थकला. पाह्यलं मी. घे."

मला वाटलं होतं, हा दिवस आला की मला वाईट वाटेल. वाटलंही. पण त्यांच्या आवाजात हरल्याचा काही सूर नव्हता. तपासून घेतलेली गोष्ट माणूस जशी सांगतो तशी त्यांनी सांगितली. मी चक्री फिरवली. माय चष्मा सावरते आहे तोवर तिच्या आधी बाबूजीच वाकले, एक डोळा मिटून घरात डोकावले.

"रिकामं."

सहाही घरं त्यांनी बघितली, मायला एकही बघू दिलं नाही. मग उजव्या हाताचं बोट चक्रीच्या दांडीवरून फिरवलं, ते अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मी वर्गात मुलींकडे बघते.

"तेल जास्त झालं, बाई."

मी बोट लावून बघितलं. खरंच जास्त झालं होतं. सगळ्यांसमोर मी मुकाट्यानं पर्समधून चिंधी काढली आणि पुसायला बसले.